आजीच्या मशीनची मोटर

अरे, ऐका ना, आमच्या आजीचं काय झालं! ती शिंपीण आहे. पंचाहत्तरी उलटली तरी खालच्या दुकानात दिवसभर पायमशीन हाणायची. बाबांना वाटलं, आई दमत असेल, म्हणून त्यांनी हौसेनं मशीनला मोटर बसवली. आजीही खूश! पण चार महिन्यांत तिचे गुडघे असे आखडले, की खुर्चीतून उठवायला दोघं लागायचे. जिना उतरणं बंद, म्हणजे दुकानही बंद. एवढी बडबडी बाई, गप्पच झाली रे.

डॉक्टरीणबाईंनी गुडघे वाकवून बघितले आणि विचारलं, "आजी, हल्ली काय बदललं?"

"काही नाही गं. मुलानं सुख दिलं."

बाबांचा चेहरा बघायला हवा होता! घरी आल्या आल्या त्यांनी पाना घेतला, मोटर काढली, मशीन वर आणलं आणि पट्टा परत चाकावर चढवला.

पहिल्या दिवशी आजीनं कण्हत कण्हत जेमतेम एक उशीचा अभ्रा शिवला. दुसऱ्या दिवशी दोन. महिनाभर असंच चाललं. आणि काल ती कठडा धरून एकटी जिना उतरली! खाली बाबा हात पसरून उभे, तर त्यांनाच म्हणते, "वाट अडवून काय उभा राहिलास? सरक! दुकान उघडायचंय मला."