फुंकरबाबांची शांती

रविवारी दुपारी त्या वृद्धनिवासाच्या मोठ्या दालनात मुंगी शिरायला जागा उरायची नाही. पुढे चाकांच्या खुर्च्यांत बसवलेली म्हातारी माणसं, त्यांच्यामागे मुलं, सुना, लेकी, जावई, आणि दारापासून अंगणापर्यंत नुसता चमत्कार बघायला आलेले लोक. उंच माणसं टाचा उंचावून बुटक्यांना आत काय चाललंय ते सांगत.

आत फुंकरबाबा बोलत होते. पांढराशुभ्र झगा, तेल लावून मागे वळवलेले केस आणि मधात बुडवून काढल्यासारखा आवाज.

"म्हातारपणी माणूस ओरडतो, रडतो, घरी जायचं म्हणून हट्ट धरतो. का? आत वारा कोंडलाय! डॉक्टर म्हणतात मेंदू झिजला. अरे, मेंदू म्हणजे काय चपलेची टाच आहे झिजायला?" लोक खळखळून हसले. "तुमचं विज्ञान ऑक्सिजनपाशी येऊन थांबलं. त्याच्यावरचा वायू त्यांच्या यंत्राला सापडत नाही. तो इथून येतो!" बाबांनी आपल्याच छातीवर थाप मारली.

पहिल्या रांगेत एक निवृत्त मुख्याध्यापिका बसल्या होत्या. दालनात आणलं तेव्हा त्या खुर्चीच्या दांड्यावर हात आपटत "मला सोडा, मला सोडा" म्हणून ओरडत होत्या. बाबा बोलता बोलता त्यांच्यापाशी आले, वाकले आणि कपाळावर हलकेच फुंकर घातली. बाईंची मान कलली. हात मांडीवर गळून पडला. दालनभर सुस्कारा उमटला, आणि मागे उभा असलेला त्यांचा पन्नाशीचा मुलगा लहान पोरासारखा रडायला लागला.

"आई इतकी शांत बसलेली कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती हो!"

सगळे बाबांकडे बघत होते. भिंतीला टेकून उभी असलेली एक बाई मात्र मुख्याध्यापिकांच्या ओठांकडे बघत होती. ओठ कोरडे पडून तडकले होते, आणि कोपऱ्यातून लाळ गळत होती.

ही बाई गुरांची डॉक्टर. नोकरीनिमित्त दूर राहायची. तिचे वडील, अप्पा, दोन महिन्यांपूर्वी या निवासात आले होते. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस. विस्मरणाचा आजार जडल्यावर त्यांना मुलांची नावं आठवेनाशी झाली, पण बोटं काही विसरली नव्हती. समोर येईल त्याच्या सदऱ्याची कड चिमटीत धरायची आणि म्हणायचं, "शिलाई कच्ची आहे." त्यांना सांभाळलं ते वहिनीने. रात्रंदिवस एकटीने. शेवटी तीच आजारी पडली, तेव्हा दादाने हे निवास शोधलं. इथे जागा मिळवायला त्याला वशिला लावावा लागला होता. त्याने बहिणीला फोन करून सांगितलं, "एकदा येऊन बघच. अप्पांचा नुसता कायापालट झालाय."

कायापालट झाला होता खरा. तिसऱ्या रांगेत अप्पा बसले होते. तिने जवळ जाऊन आपल्या कुर्त्याची बाही त्यांच्या बोटांत दिली. बोटं हललीच नाहीत.

सभा संपल्यावर ती अप्पांच्या खोलीत गेली. पडदे धुतलेले, फुलदाणीत फुलं, भिंतीवर बाबांचा हसरा फोटो. पाण्याचा पेला मात्र खिडकीत, पलंगावरून हात पुरणार नाही इतका लांब. मदतीला बोलावायच्या घंटीची दोरी वर गुंडाळून खिळ्याला बांधलेली. तिने पांघरूण बाजूला केलं, अप्पांना कुशीवर वळवलं आणि तशीच थांबली. माकडहाडाशी पडून पडून झालेली रुपयाएवढी जखम होती. कडा काळ्या पडलेल्या.

संचालिकाबाई दारात उभ्या होत्या. साडीची घडी जागच्या जागी, चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचं हसू.

"घंटीची दोरी वर का बांधलीत?"

"लागतच नाही ना! बाबांच्या कृपेने आमच्याकडे घंटी वाजतच नाही. परवा सरकारी तपासणीला साहेब आले होते. म्हणाले, इतकं शांत निवास आम्ही कुठे पाहिलं नाही."

"त्यांनी पांघरूण उचलून पाहिलं का?"

बाईंचं हसू किंचित आखडलं. "आपण गुरांच्या डॉक्टर ना?"

घरी आल्यावर दादाही तेच म्हणाला. "तुला ढोरांची सवय. माणसाच्या मनाचं तुला काय कळणार?"

"माणसाच्या मनाचं राहू दे. बिथरलेला बैल गाडीत चढवायचा असला की मी त्याला औषध टोचते. थोड्या वेळाने त्याची मान पडते, लाळ गळते, पाय लटपटतात. मी काय त्याच्यावर फुंकर घालते?"

"म्हणजे? बाबा लोकांना औषध घालतात? शेकडो लोकांदेखत?"

"सभेआधी म्हाताऱ्या माणसांना संत्र्याचा रस देतात. फक्त त्यांना. मग बाबा बोलत सुटतात. त्यांचं बोलणं ऐकू नकोस, डोळे बघ. डोळे सगळ्या रांगांवरून फिरत असतात. ज्याची पापणी जड झाली, त्याच्यावर पहिली फुंकर. जो अजून टक्क जागा आहे, त्याच्याबद्दल काय म्हणतात? 'यांचा वारा हट्टी आहे, थोडं थांबूया.' औषध चढेपर्यंत थांबायचं, दुसरं काय? आणि आठवडाभर बाबांच्या नावाने पाजतात ते भारलेलं पाणी आहेच, सकाळ-संध्याकाळ."

दादाने मान झटकली. वहिनी दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "पण मग अप्पा शांत झालेच नाहीत, असं म्हणायचं का तुम्हाला?" तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. इतक्या दिवसांनी तिला झोप मिळायला लागली होती.

पुढच्या रविवारी जाताना गाडीत बहिणीने दादाला सांगितलं, "मी कालपासून अप्पांना ते भारलेलं पाणी मिळू दिलेलं नाही. आज त्यांचा रस मी पिणार. तू दोघांवर नजर ठेव. आणि मला काही झालं तर बाबांकडे नको, थेट दवाखान्यात ने."

"वेड लागलंय तुला. आणि अप्पा शांत झाले तर?"

"सगळ्यांसमोर बाबांचे पाय धरीन."

अशी परीक्षा कुणी करू नये. न जाणो किती गोळ्या घातल्या असतील. तिलाही ते कळत होतं. पण तिच्याकडे फार वेळ नव्हता, अप्पांच्या जखमेकडे तर मुळीच नव्हता.

सेविकेने रसाचा पेला आणला. "द्या, मी पाजते," म्हणत तिने पाठ वळवली आणि उभ्या उभ्या तो जवळपास संपवला. तळाशी उरलेला घोट नमुन्याच्या बाटलीत ओतून बाटली पिशवीत टाकली. अप्पांना घरचं पाणी पाजलं.

बाबांचं प्रवचन सुरू झालं. वारा कोंडला, विज्ञान थांबलं, चपलेची टाच झिजली. एकेक मान कलू लागली. बाबा एकेका कपाळापाशी वाकत पुढे सरकत अप्पांपर्यंत आले आणि फुंकर घातली.

अप्पा टक्क डोळे उघडून बघत होते. "कोण रे तू? मला घरी जायचंय!"

"यांचा वारा हट्टी आहे," बाबा हसून म्हणाले आणि पुढे गेले. फेरी मारून परत आले, पुन्हा फुंकर घातली. अप्पांनी तोंड फिरवलं. तिसऱ्यांदा बाबांनी गाल फुगवून अशी फुंकर मारली की अप्पांचे केस उडाले. अप्पांनी त्यांच्या झग्याची कड चिमटीत धरली, डोळ्यांजवळ नेली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "शिलाई कच्ची आहे!"

कुणीतरी फिसकन हसलं. आणि त्याच वेळी अप्पांच्या शेजारी बसलेली त्यांची लेक खुर्चीवरून घसरू लागली. दादाने तिला सावरलं. तिची मान त्याच्या खांद्यावर पडली.

बाबांनी संधी सोडली नाही. दोन्ही हात वर करून गरजले, "पाहिलंत? ही मुलगी संशय घेऊन आली होती! बापाला दिलेली शांती लेकीला मिळाली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकांनी डोळे पुसले. आपल्या बहिणीचं शहाणपण इथे तिच्यावरच उलटलं, हे दादाला दिसत होतं. पण त्याने मघापासून नजर हलवली नव्हती. तो उभा राहिला.

"बाबा, माझ्या बहिणीवर तुम्ही फुंकर घातलीच नाही."

टाळ्या विरळ झाल्या.

"ज्यांच्यावर तीनदा घातली, ते माझे वडील जागे आहेत. त्यांनी रस घेतला नाही. त्यांचा रस हिने घेतला, ती झोपली. आता मला सांगा, झोप फुंकरीत आहे का रसात?"

संचालिकाबाई पुढे येऊन म्हणाल्या, "कृपा करून सभेचा भंग करू नका."

"नाही करत. सेविकेच्या त्या किटलीत रस उरलाय. बाबांनी एक पेला प्यावा, मी त्यांचे पाय धरतो."

बाबा म्हणाले, आज त्यांचा उपवास आहे. मग म्हणाले, अविश्वासाच्या हवेत वायू उतरत नाही. मग मागच्या दाराने निघून गेले.

दवाखान्यात तिच्या रक्तात आणि बाटलीतल्या रसात एकच झोपेचं औषध सापडलं. रस वाटणाऱ्या सेविकेने चौकशीत काही लपवलं नाही. "एवढा मोठा मजला आणि आम्ही तिघी. कुणाला फिरवायचं, कुणाला कुशीवर वळवायचं, कुणाला भरवायचं? बाई म्हणाल्या, झोपलेलं माणूस काही मागत नाही." अजून माणसं नेमण्यापेक्षा एक बाबा नेमणं सोपं होतं.

अप्पांना घरी आणलं. बहिणीने रजा वाढवली. वहिनी जखम धुवायची तेव्हा ते ओरडायचे, आणि शेजारी खिडकीतून डोकावायचे. "ओरडू देत," वहिनी म्हणायची. "निदान दुखतंय हे सांगताहेत तरी." पण जखम हाडापर्यंत गेली होती. विष रक्तात भिनलं. काही आठवड्यांनी अप्पा गेले, जागे असताना, दादाचा हात धरून, त्याचं नाव न आठवता.

निवासाला टाळं लागणार असं ठरल्यावर नातेवाइकांची अंगणात बैठक झाली. लोक संतापले होते, आणि सगळा संताप अप्पांच्या लेकीवर होता.

"तुमचं बरं झालं, तुमचे सुटले. आमच्या माणसांना आता कुठे न्यायचं?"

"बाबा खोटा असेल. पण शांती तर खरी होती ना?"

मुख्याध्यापिकांचा मुलगा सगळ्यांत मागे उभा होता. तो पुढे आला. "आईचे ओठ मलाही दिसले होते. मी विचारलं नाही. ती ओरडत नव्हती, तेवढंच मला पुरे होतं."

अप्पांच्या लेकीच्या ओठांवर कडवट उत्तर आलं होतं. तिने ते गिळलं. आपणही दोन महिने फोनवरच 'कसे आहेत अप्पा' विचारून मोकळे होत होतो, हे ती विसरली नव्हती.

"फुंकरीने कुणाचा आजार जात नाही," ती म्हणाली. "म्हाताऱ्या माणसाला सांभाळायला हात लागतात, वेळ लागतो, आणि त्याला दुसरी वाट नाही. जो कुणी वाट सापडली म्हणून सांगेल, तो लबाड आहे असं समजून चला. पुढचं निवास बघायला जाल तेव्हा पडदे बघू नका. न सांगता जा, जेवणाच्या वेळी जा. पाणी हाताशी आहे का बघा. घंटी वाजवा आणि कोण येतं, किती वेळाने येतं ते बघा. पांघरूण उचला, पाठ बघा, टाचा बघा. आणि कुणी अभिमानाने सांगितलं की आमच्याकडे कुणीच रडत नाही, तर तिथे हात जोडू नका. विचारा, का रडत नाही?"