दसरूच्या नावाचा दगड

सिरोंच्याकडच्या जंगलात लाल मातीतून राक्षसाची हाडं निघाली, त्या साली बुधरी खोदकामावर माती वाहत होती. राक्षस कसला! लांब मानेचं, झाडपाला खाणारं जनावर ते, माणसाच्या कितीतरी आधीचं, असं कलकत्त्याहून आलेले साहेब सांगत. तेव्हा इथं मोठमोठ्या नद्या होत्या म्हणे, आणि हे जनावर उभ्या जागी झाडांचे शेंडे ओरबाडायचं. मांडीचं एक हाड बुधरीहून उंच भरलं. पण बुधरीला त्याचं काय? तिला नानाजीचा सूड घ्यायचा होता.

नानाजी म्हणजे कामावरचा मुकादम, चांद्याचा. भारी तोऱ्याचा माणूस. बुधरीचा नवरा दसरू तापानं गेला, तेव्हा गावानं डोंगरातून दगड खांद्यावर आणून वाटेकडेला, जुन्या मेलेल्यांच्या दगडांच्या ओळीत, त्याच्या नावानं उभा केला होता. त्यासाठी बुधरीनं दोन वर्षं धान राखून गावजेवण घातलं. त्या दगडात दसरू राहतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. नानाजीनं तो भरदुपारी उपटून नाल्यात टाकला, जीपचं चाक रुतू नये म्हणून. दगडाचे दोन तुकडे झाले.

बुधरी साहेबांच्या तंबूपुढं जाऊन बसली. साहेब भडकले. "यापुढे या लोकांच्या उभ्या दगडांना कुणी हात लावायचा नाही. लावला तर त्याच दिवशी घरी!" नानाजीनं मान डोलावली, आणि बाहेर येऊन हसला. "दगडच नं तो? दुसरा उभा कर, बाई."

त्या हसण्यानं तिच्या काळजाला आग लागली ती विझलीच नाही.

साहेबांना पाय मिळाले, फासळ्या मिळाल्या, मान मिळाली. डोकं काही मिळेना. ते शोधून दिलंस तर तुला पक्की नोकरी, असा शब्द त्यांनी नानाजीला दिला होता. डोकं लहान असेल, असंही बजावलं होतं. नानाजीला ते पटेल तर ना! त्यानं खोदणाऱ्या बायांना सांगून टाकलं, "येवढं मोठं जनावर, डोकं बैलबंडीयेवढं असन. लहानसहान गोटे मले दाखवू नका."

फाल्गुनात बुधरीच्या कुदळीला एक गोटा लागला, बैलाच्या तोंडाएवढा. तिनं तो उलटा केला. खाली दातांची ओळ, पाला ओरबाडायचे दात. जंगलात जन्म काढलेल्या बाईला दात ओळखायला मुकादम लागत नाही. तिला आनंदच झाला, खोटं कशाला सांगू?

नानाजी मोहाच्या सावलीत विडी ओढत होता. "नानाजीभाऊ, हा गोटा पाहता का?" तिनं मुद्दाम विचारलं.

त्यानं मानसुद्धा वळवली नाही. "सांगतलं नं. फेक तिकडं."

तिनं तो टोपलीत घातला, वर माती पसरली, आणि डोक्यावर डोकं घेऊन निघाली. दसरूच्या दगडाच्या रिकाम्या खड्ड्यात तिनं ते उभं केलं, दात मागच्या झुडपाकडे. हळद लावली, मोहाच्या दारूची धार सोडली. "चांगला दगड नाई भेटला," ती दसरूला म्हणाली. "पन हा नानाजीले लागन."

वैशाखापर्यंत नानाजीनं सारी टेकडी चाळली. साहेब रोज त्या ओळीजवळून जाताना टोपी काढत. शेवटी तंबू उठले. साहेब जीपमध्ये बसले आणि नाल्यापलीकडे दिसेनासे झाले. पक्की नोकरी तर राहोच, होतं ते कामही गेलं.

नानाजी पेटी घेऊन वाटेनं निघाला. बुधरी दगडापाशी बसली होती.

"तुमीच म्हनलं होतं नं, भाऊ, दुसरा उभा कर." तिनं मागचं झुडूप बाजूला सारलं.

त्यानं दात पाहिले. पेटी हातातून सुटली. नाल्याकडे वळून त्यानं साहेबांना हाक मारली, पण तिकडं धूळही उरली नव्हती. मग तो दोन्ही हात पुढे करून वाकला. तेंदूची पानं घेऊन परतणारी गावची माणसं वाटेवरच थांबली.

"हात लावू नका," बुधरी म्हणाली. "साहेबाचा हुकूम हाय. अन् इथी आता दसरू राह्यते."