टाळीची जागा

सकाळी साडेअकरा वाजता, चित्रपटाच्या चाचणी खेळात, पडद्यावरच्या राजाने पोटच्या मुलाला देहदंड सुनावला, "दिवे मालवा" म्हटलं, मान उजवीकडे वळवली आणि तो तसाच थांबला. थांबला म्हणजे थांबलाच. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी दोघं.

राजाचं काम करणारे काका पहिल्या रांगेत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. दाराशी उभ्या असलेल्या त्यांच्या पुतणीने मात्र त्यांची मान ताठ झालेली पाहिली आणि तिच्या काळजाला थंडावा मिळाला. चित्रपटाचं संकलन तिचं होतं.

मूळ नाटकात हा राजा तिचे वडील करायचे आणि धाकटे काका त्यांचे प्रधान. एका दौऱ्यात वडिलांचा आवाज बसला. तू बरा होईपर्यंत मी सांभाळतो, असं काका म्हणाले. वडील महिन्याभरात बरे झाले, मुकुट काही परत आला नाही. पुढे त्याच नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीत त्यांनी उरलेलं आयुष्य काढलं. तिला आठवतात ते खिडकीतलेच वडील, आतून टाळी आली की तिकीट फाडता फाडता थबकणारे. रंगमंचावर तिने त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. आईने दिराचं तोंड पाहायचं सोडलं ते कायमचं. वडिलांच्या तेराव्यालाही तिने काकांना उंबऱ्याच्या आत घेतलं नाही.

आणि आता काका आयते तिच्या हाती सापडले होते. "दिवे मालवा"वर इतकी वर्षं हमखास टाळी पडायची, ती ओसरेपर्यंत थांबायचं, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. कॅमेऱ्यासमोर प्रेक्षक नाहीत हे डोक्याला कळत होतं, मानेला कळत नव्हतं. प्रत्येक टेकमध्ये तेच. ते शेपूट उडव, असं दिग्दर्शकाने सांगितलं होतं. राजा किती एकटा पडलाय ते यातच दिसतं, असं तिने त्याच्या गळी उतरवलं. खरं तर दिसत होता टाळीसाठी ताटकळलेला म्हातारा. तिने त्यावरचं संगीतही काढून टाकलं होतं. आडोसा म्हणून काही ठेवलं नव्हतं.

खेळ संपल्यावर काका तिच्या संकलनाच्या खोलीत आले.

"परत दाखव."

तिने दाखवलं. त्यांनी पुन्हा एकदा दाखवायला लावलं.

"मुद्दाम ठेवलंस."

"हो, काका."

आता आरडाओरडा होईल म्हणून ती कंबर कसून बसली होती. काकांनी खुर्ची ओढली.

"हे माझं नाही गं. मान किती वळवायची, हनुवटी कधी खाली आणायची, सगळं दादाचं. मी शेजारी प्रधान म्हणून उभा असायचो ना. चोरायचंच तर अर्धवट कशाला, म्हणून त्याचा श्वाससुद्धा उचलला." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "मघाशी हसले ना, ते तुझ्या बापाला हसले."

तिचा हात माऊसवरच राहिला. हे खरं, की म्हाताऱ्याचा शेवटचा डाव? त्या काळच्या नाटकाचं चित्रण कुणाकडे नव्हतं. वडिलांना विंगेतून रोज पाहिलेलं एकच माणूस उरलं होतं.

तिने काकांसमोरच, स्पीकरवर, आईला फोन लावला. देहदंडाच्या प्रवेशात बाबा टाळीसाठी कसे थांबायचे, एवढंच विचारलं. आईने उलट विचारलं,

"तो आहे का तिथे?"

"आहेत."

"असू दे. हे तोंडी सांगून कळायचं नाही. मीच येते बघायला."

काकांनी सगळं ऐकलं होतं. त्यांना उठून जाता आलं असतं, दार उघडंच होतं. त्यांनी फक्त चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

दिग्दर्शक दारातून डोकावला. संध्याकाळी पाचच्या आत प्रत पाठवायची आहे, त्या थांबण्याचं काय करायचं ते एकदाचं ठरव, असं सांगून गेला. तिने चित्र पुन्हा त्याच जागी आणून ठेवलं.

पडद्यावर राजा मान वळवून थांबला आहे. काका अजून खुर्चीतून उठलेले नाहीत. आई घरून निघाली आहे.