निवांत रविवारचं वेळापत्रक

मुलींच्या आईने फोनवर अगदी शांतपणे सांगितलं. "या रविवारी ने. सकाळी दहाला ये, सहाला आणून सोड. पण एक आहे. मागच्या दोन्ही वेळा तुझ्याबरोबर निघताना मोठीच्या पोटात दुखत होतं आणि तिच्या पोटाला काहीही झालेलं नव्हतं. या वेळी तू परत आणून सोडलंस की तुझ्यासमोरच तिला विचारेन, पुन्हा जायचंय का म्हणून. नाही म्हणाली तर मी जबरदस्ती करणार नाही. आणि मग तूही सहा महिने विषय काढायचा नाहीस."

"आणि धाकटी?"

"धाकटी मोठीच्या मागे जाते. हे तुला माहीत असायला हवं होतं."

मी बरं म्हणालो. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "निवांत ने रे त्यांना. कवायत करू नकोस."

आता मला सांगायचं म्हणजे काय! शहरातल्या बस किती वाजता कुठून सुटतील हे ठरवणाऱ्या कचेरीत मी चौदा वर्षं बसतोय. निवांतपणा कागदावर कसा आणायचा हे मला नाही कळणार तर कुणाला? प्रत्येक फेरीच्या शेवटी आम्ही सात-आठ मिनिटं मोकळी ठेवतो. उशीर झालेली गाडी त्यात सावरते, वेळेवर आलेला ड्रायव्हर पाय मोकळे करतो. आमच्याकडे त्याला उसंत म्हणतात. मी मुलींसाठी तसाच तक्ता केला. दहा वीसला संग्रहालय, साडेअकराला बाग, एक वाजता झाडाखाली जेवण, अडीचला शहराबाहेरचा तलाव, पाच दहाची सत्तावीस नंबर, पाच पन्नासला घर. मध्ये सगळीकडे उसंत. वरती ठळक अक्षरांत "निवांत रविवार" लिहिलं आणि खरं सांगतो, कितीतरी दिवसांनी स्वतःवर खूश झालो. पाव, जॅम, उकडलेली अंडी, केळी, ओले रुमाल, ठमीचे जादा कपडे, सगळं आदल्या दिवशीच पिशवीत भरलं. ठमी म्हणजे धाकटी. चार वर्षांची आहे आणि नावाप्रमाणेच आहे.

संग्रहालयाला मी सत्तर मिनिटं दिली होती. पोरींनी ते सतरा मिनिटांत उरकलं. हाडांचा सांगाडा बघून ठमी म्हणाली, "याला जेवायला देत नाहीत का?" आणि संपलं. पुढची बस अकरा वीसची. मग आम्ही तिघं बाहेरच्या दगडी बाकावर ओळीने बसलो.

"आपण इथे का बसलोय?" ठमीने विचारलं.

"आपण लवकर आलोय म्हणून."

"कुणाच्या लवकर?"

मोठी हसली नाही. सात वर्षांची मुलगी, पण बाकावर अशी बसली होती की दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावलाय. पूर्वी ती मला अरे-तुरे करायची, माझ्या पाठीवर चढायची. मी वेगळा राहायला लागल्यापासून अहो-जाहो करते. कुणी शिकवलं नाही, आपणहून करते.

बागेत नेमकं उलटं झालं. तिथे एक माळी गवत कापायचं यंत्र उघडून बसला होता. त्याने ठमीच्या हातात एक नट दिला आणि म्हणाला, "हा सांभाळ, नाहीतर माझं यंत्र चालायचं नाही." झालं. दोघी त्याच्यापाशी फतकल मारून बसल्या. मोठी त्याला हवा तो पाना पुढे करायला लागली, बोलायला लागली, एकदा तर मोठ्याने हसली. ते हसणं ऐकून मला बरं वाटलं आणि त्याच वेळी मी घड्याळाकडे बघितलं. एक वाजत आला होता. मला माझा राग येतो, पण मी बघितलंच.

"चला, जेवायचंय."

"थोडं थांबू ना," ठमी म्हणाली.

मी पिशवी खांद्याला लावून उभा राहिलो. मोठीने माझ्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं, हातातला पाना खाली ठेवला आणि बहिणीला म्हणाली, "ठमे, चल. बाबांना उशीर होतोय." ठमीने नट परत दिला. माळी माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळत होतो.

जेवताना मी गोष्टी सांगायचा प्रयत्न केला. तलावावर दगड फेकून दाखवले, माझा एक दगड चार उड्या मारून गेला. मोठी म्हणाली, "छान." कुणाच्या घरी नावडता पदार्थ पानात वाढला की म्हणतात तसं छान. मी मनात म्हटलं, असू दे, वेळेवर घरी पोचवू. सगळा दिवस सपक गेला तरी निदान बाप शब्दाला पक्का आहे एवढं तरी तिच्या मनात राहील.

पाच वाजून पाच मिनिटांनी आम्ही स्टॉपवर होतो. पाच दहा झाले. सव्वापाच झाले. पाच वीसला मी ड्रायव्हर लोकांचा उद्धार करायला सुरुवात केली. "एकेक जण बसला असेल टोकाच्या स्टॉपवर चहा ढोसत. आम्ही मरमरून वेळा लावायच्या आणि यांनी त्या धाब्यावर बसवायच्या." पोरींना त्यातलं काय कळणार, पण माझं तोंड चालूच होतं. मोठी खांबावरचा फलक वाचत होती. तिला इतकं वाचता येतं हे मला माहीत नव्हतं. अक्षरांखालून बोट फिरवत तिने हळूहळू वाचलं, "रविवारी दुपारी तीन ते सायंकाळी साडेसहा फेऱ्या बंद. प्रवासी कमी असल्याने."

मी पुढे होऊन तेच पुन्हा वाचलं.

आमच्या कामाची गंमत अशी की आम्ही नेहमी तीन-चार महिन्यांपुढचं वेळापत्रक करत असतो. जे आज रस्त्यावर धावतं ते आमच्या टेबलावरून कधीच गेलेलं असतं. सत्तावीस नंबरच्या रविवारच्या फेऱ्या मीच कापल्या होत्या. गाडीमागे सरासरी चार माणसं. लाल पेन्सिलीने रेघ मारली, साहेबांची सही घेतली आणि विसरलो. डोक्यात मात्र जुनी पाच दहा तशीच धावत राहिली. चौदा वर्षांत मी एकदाही स्टॉपवरचा फलक वाचलेला नाही. कशाला वाचेन? तो मीच लिहितो ना.

"खाली वेळापत्रक विभाग लिहिलंय," मोठी म्हणाली. "बाबा, हे तुमचं ऑफिस ना?"

"हो. पण हे दुसऱ्या कुणीतरी केलं असेल."

खोटं बोललो. सात वर्षांच्या पोरीसमोर, सरळ. तिने माझ्याकडे पाहिलं, फलकाकडे पाहिलं आणि अक्षरांवरचं बोट काढून घेतलं. तिला कळलं होतं.

टॅक्सीसाठी फोन केले. दोघांनी सरळ नाही म्हटलं, तिसऱ्याने तलावाचं नाव ऐकूनच फोन ठेवला. मुलींच्या आईला फोन केला, सगळं सांगितलं, पुढची बस सहा चाळीसला आहे म्हटलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं "बरं" म्हणाली. हे बरं माझ्या ओळखीचं होतं. घर मोडायच्या आधीची दोन वर्षं मी तेच ऐकत होतो.

सव्वा तास आम्ही तिथे बसलो. वारा सुटला होता. ठमी आधी कंटाळली, मग भुकेली, मग भोकाड पसरून रडायला लागली. मी तिला उचलायला गेलो तर ती आणखीच ताठ झाली. तेव्हा मोठी उठली, तिला जवळ घेतलं आणि तिच्या कानात बोलली. हळू बोलली, पण मला ऐकू आलं. "रडू नको ना. बाबांना वाईट वाटतंय. त्यांनी किती सगळं लिहून आणलं होतं."

मग पिशवीतलं शेवटचं केळं तिने सोललं, अर्धं ठमीला दिलं, अर्धं माझ्यापुढे धरलं.

"तू खा," मी म्हणालो.

"मला नको. तुम्ही खा. चुकतं कधीकधी माणसाचं."

हुबेहूब तिच्या आईचा आवाज. मी ते केळं खाल्लं. सगळं खाल्लं, कारण ती बघत होती.

घरी पोचायला साडेसात झाले. दोन जिने चढून गेलो तेव्हा ठमी माझ्या खांद्यावर गाढ झोपली होती. दार उघडलं. मुलींच्या आईने घड्याळाकडे बघितलंही नाही. ती मोठीपुढे उकिडवी बसली आणि ठरल्याप्रमाणे विचारलं, "कसा गेला दिवस? पुन्हा जायचंय बाबांबरोबर? खरं सांग. कुणी रागावणार नाही."

मोठीने आधी माझ्याकडे पाहिलं. लहान मूल पडलं की त्याला कितपत लागलंय हे मोठी माणसं बघतात, तसं. मग ती म्हणाली, "जाईन मी. मी नाही गेले तर बाबा एकटेच पडतील. त्यांना कुणीतरी लागतं."

हाच होकार मिळावा म्हणून आठवडाभर मी जिवाचं रान केलं होतं. आता तो समोर होता आणि तो देताना तिने पाठीवरच्या पिशवीचा पट्टा दोन्ही मुठींत गच्च आवळून धरला होता. नको असलेलं औषध घ्यायचं ठरवलेल्या माणसासारखा तिचा चेहरा झाला होता. दर पंधरा दिवसांनी ही पोर अशीच येणार, बाकावर बसणार, माझा चेहरा वाचणार, बहिणीला गप्प करणार, मला सांभाळणार. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"अगं, पण पुढच्या आठवड्यापासून मला रविवारची ड्यूटी लागलीय," मी मोठीला म्हणालो. "सांगायचंच राहिलं. आता काही दिवस जमायचं नाही."

"काही दिवस म्हणजे किती?"

"बरेच. मी फोन करत जाईन."

"दर रविवारी ड्यूटी?"

"दर रविवारी."

तिच्या मुठी सुटल्या. पिशवी खांद्यावरून घसरली ती तिने तशीच घसरू दिली. "अच्छा," ती म्हणाली, आणि बूट दोन दिशांना भिरकावून आत पळाली. जाता जाता ओरडली, "बाय बाबा, नीट जा रे!" आतून लगेच तिचा आवाज यायला लागला. माळ्याचं यंत्र, त्याचा नट, सगळं ती कुणाला तरी फोनवर भराभरा सांगत होती.

आमच्या कचेरीला रविवारी कुलूप असतं, हे मुलींच्या आईला चांगलं माहीत आहे. ती उभी राहिली. मग तिने ठमीला माझ्या खांद्यावरून अलगद काढून घेतलं आणि म्हणाली, "उतरताना जिन्यातला दिवा लाव."