धामणपठारावरून नऊ जण

किसनरावांनी बोट दाखवत पुन्हा पहिल्यापासून मोजलं. पुन्हा आठच भरले.

"एक जण कमी आहे," ते म्हणाले आणि धुक्याकडे तोंड करून त्यांनी जोरात शिट्टी फुंकली.

"सर, सोताले मोजलं का?" फर्निचरवाल्या गयासुद्दीनभाईंनी विचारलं.

सगळे खो खो हसले. किसनरावही हसले. त्यांची बायको शालू तेवढी हसली नाही. थर्मासचं झाकण घट्टच होतं, तरी ती ते फिरवत राहिली.

रोज सकाळी फिरायला जाणाऱ्या परतवाड्याच्या मंडळींची श्रावणातली ही नेहमीची चढाई. गेली बावीस वर्षं किसनराव पुढे आणि शालू सगळ्यात मागे. शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाचा साधा नियम होता : शिट्टीच्या पुढे कोणी जायचं नाही आणि शालूच्या मागे कोणी राहायचं नाही. एरवी पठारावरून खालचं जांभूळढाणा गाव दिसायचं. आज दहा हातांवरचं झुडूपही दिसेना. पाऊस आडवा येत होता आणि रेनकोटाच्या गळ्यातून थेट पाठीत उतरत होता.

जूनमध्ये किसनराव दूध आणायला गेले ते रिक्षात बसून परत आले. आपलं घर त्यांना रिक्षावाल्याला सांगता आलं नव्हतं; त्यानेच ओळखून घरी आणलं. पुढे अमरावतीच्या डॉक्टरांनी शालूला एकटीला आत बोलावलं आणि विसर आता वाढतच जाणार, असं सांगितलं. तिने ते पोटात ठेवलं. पुण्याच्या मुलीला, पौर्णिमेलाही कळू दिलं नाही. गोळ्या ताकदीच्या आहेत, असं नवऱ्याला सांगितलं.

यंदा चढाई राहू द्या, एवढं म्हणून पाहिलं, तर किसनराव दिवसभर जेवले नाहीत. मग तिने दुसरा उपाय काढला. रोज संध्याकाळी ओट्यावर चहाचा कप त्यांच्या हातात द्यायचा आणि उतरायचा रस्ता विचारायचा. दोन्ही हातांत कप धरून ते न अडखळता सांगायचे. ती आत जाऊन कॅलेंडरच्या पानामागे लिहून ठेवायची. तो कागद आता प्लास्टिकच्या पिशवीत, तिच्या पर्समध्ये होता. आज नवऱ्याला अब्रूनिशी खाली न्यायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. सोबतच्या सात जणांचा जीव आपण न विचारता यात गुंतवला आहे, हेही तिला कळत होतं.

उतरायला लागल्यावर आंजनाच्या झाडापाशी शिट्टी डावीकडे वळली. कागदात उजवीकडे होतं. शालू मटकन खाली बसली.

"अवो, थांबा! माही चप्पल तुटली. त्या तिकडच्या दगडावर बसू द्या मले."

सगळे तिच्यामागोमाग उजवीकडच्या दगडापाशी आले. दगडाच्या पलीकडे धुतलेली पायवाट दिसत होती.

"इकूनच तं जायचं आहे," किसनराव म्हणाले आणि पुढे झाले.

पाण्याच्या कुंडीपाशी शिट्टी पुन्हा चुकीकडे वळली आणि शालूची चप्पल पुन्हा तुटली. या वेळी विपुल वैतागला. तो वीज मंडळात इंजिनीअर होता आणि या नऊ जणांत सगळ्यात तरुण.

"काकू, दरसाली सांगतो मी, बूट घ्या म्हणून."

"बुटात पाय शिजतात रे बाप्पा," ती म्हणाली. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे तिला धाप लागली होती.

पुढे नाला लागला. चहाच्या रंगाचं पाणी धडाधडा वाहत होतं आणि अलीकडे गुरांच्या तीन वाटा फुटल्या होत्या. किसनराव थांबले. शिट्टी ओठांत होती, पण वाजत नव्हती. त्यांनी एका वाटेकडे पाहिलं, मग दुसरीकडे, मग पुन्हा पहिलीकडे. पाऊस वाढला. कोणी पाय आपटत होतं, कोणी उगाच बॅगेचे पट्टे आवळत होतं.

विपुलने मोबाइल छत्रीखाली धरून पाहिला. रेंज नव्हती. "मी म्हणतो, नाला ओलांडून सरळ उतरू. गाव खालीच तं आहे."

दोघे जण त्याच्यामागे निघालेसुद्धा. शालूने पाठ फिरवून कागद काढला. पिशवीत पाणी शिरलं होतं. निळी शाई सगळीकडे पसरली होती. 'कुंडी' हा एक शब्द कसाबसा वाचता येत होता, पुढे नुसता डाग. आता सांगायलाच हवं होतं. ती गयासुद्दीनभाईंच्या जवळ गेली, "भाई," म्हणाली, आणि तेवढ्यात तिला किसनराव दिसले. भर वर्गात धडा विसरलेल्या पोरासारखे ते उभे होते.

"माही चप्पल," ती म्हणाली.

"आता फेकूनच द्या न ती, काकू!" विपुल नाल्याच्या काठावरून ओरडला.

तिने ऐकलं नाही. नवऱ्याचा हात धरून त्यांना एका खडकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. थर्मासमधला उरलेला चहा कपात ओतून कप त्यांच्या दोन्ही हातांत दिला.

"अवो," ओट्यावर विचारायची त्याच आवाजात तिने विचारलं, "कुंडी झाली की मंग कसं जायचं?"

किसनराव कपाकडे पाहत राहिले. कपात पावसाचे थेंब पडत होते. शालूला वाटलं, आता सगळं संपलं.

"कुंडी झाली की नाला लागते," ते म्हणाले. "उतरताना तो ओलांडाचा नाई. डाव्या हाताले राहू द्याचा अन् काठाकाठानं जायचं. मंग तीन मोठे सागवान येतात. मधल्याले कुऱ्हाडीचा घाव आहे. तिथून ढाण्यातले कोंबडे आयकू येतात."

"ऐकलं का रे, विपुल?" गयासुद्दीनभाई उठले. "चल, माघारी फिर. सर सांगून राहिले ना."

नाला डाव्या हाताला ठेवून सगळे उतरू लागले. शालू मागून चालत होती आणि झाडं पाहत होती. साग दिसला की आशा वाटायची, तो एकटाच निघाला की मावळायची. पाऊण तासाने तीन साग एका रांगेत आले. मधल्याच्या बुंध्यावर जुना घाव होता. तिने त्यावर तळवा टेकला. खालून कोंबडा आरवला.

जांभूळढाण्यात जीपजवळच्या टिनाच्या शेडमध्ये विपुलने कच्च्या चिवड्याचा डबा उघडला. मुरमुरे पार नरमले होते, तरी सगळे तुटून पडले. किसनराव मात्र शालूसमोर उकिडवे बसले.

"दाव."

"काय?"

"चप्पल."

त्यांनी बकल उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. धडधाकट होतं.

"तिसऱ्यांदा तुटली तवा समजलं मले," ते हळूच म्हणाले. "ताकदीची गोळी म्हणे! पाकिटातला कागद वाचला म्या जूनमंदीच. वाचता येते अजून."

शालूच्या डोळ्यांत पाणी आलं. "मंग बोलले काहून नाई?"

"तू रस्ता इचारू लागली न. म्हटलं, पाठ होऊ दे इले. म्हणून तं रोज सांगत होतो." त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि तिच्या गळ्यात घातली. "पुढच्या साली तू सामोर. मी मांगून येईन. आता मोज, जीप निघाची आहे."

शालू पदराने तोंड पुसून उभी राहिली. बोट दाखवत तिने सगळ्यांना मोजलं, किसनरावांनाही. आठ भरले. पुन्हा मोजलं. आठच. ती डोंगराच्या वाटेकडे वळली, तिथे नुसतं धुकं होतं. तिने शिट्टी ओठांना लावली.

"शालू," मागून किसनराव म्हणाले, "सोताले मोजलं का?"