लिंबू टोचलेली तलवार

दारव्ह्याच्या भगवानरावांना जपानी तलवारींचं भारी वेड. दहा वर्षं मोबाइलवर त्यांनी दुसरं काही पाहिलं नाही, आणि एकदा हौसेनं एक मागवलीही. मूठ उघडली तर आत लखलखीत नवं पोलाद, वर स्क्रू, म्हणजे साफ नकली! तेव्हापासून त्यांच्या पत्नी लीलाबाई त्या तलवारीनं परसातली माकडं हाकलत आणि पाहुण्यांना ती 'आमच्या ह्यांची जपानी' म्हणून दाखवत.

त्यामुळे भाची अर्पिताच्या लग्नात नवरदेवाच्या हातातली तलवार पाहून भगवानरावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. हळद लागली की लग्न लागेपर्यंत नवरदेवानं टोकाला लिंबू टोचलेलं हत्यार हातातून सोडायचं नसतं. इतरांकडे कट्यार असते. फुलसावंगीच्या या अंकुरच्या हातात मात्र लांब, एकाच अंगानं धारेचं, किंचित वाकलेलं पातं होतं, आणि धारेलगत धुक्यासारखी नागमोडी रेघ, जपानी तलवारीची खूण. पण नकली पात्यावरही अशी रेघ तेजाबानं काढतात. खरं-खोटं ठरवायचं तर पातं उजेडात तिरपं धरून पाहायला हवं, मूठ उघडायला हवी. आणि हा पठ्ठ्या तर ते सोडायला तयार नाही!

मग काय, भगवानराव नवरदेवाच्या मागेच लागले. वरातीत घोड्याभोवती घिरट्या घातल्या. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा मामानं उभं राहायचं नवरीच्या पाठीशी, तर हे उभे नवरदेवाच्या पाठीशी, मान वाकडी करून.

"मामा, मी इकडं हाय!" अंतरपाटाआडून अर्पिता ओरडली.

लीलाबाईंनी त्यांना दंडाला धरून ओढून आणलं. "आता हेबी जपानी म्हणसान, अन् सारा मांडव हसन."

ती धास्ती त्यांनाही होतीच. पुन्हा चुकलो तर फुलसावंगीतही तोंड दाखवायची सोय राहणार नाही, हे ते जाणून होते. पण जीव राहवेना.

लग्न लागलं आणि कानपिळीची वेळ आली. अर्पिताला भाऊ नाही, म्हणून नवरदेवाचा कान पिळायचा मान मामाचा. अंकुरची आई इंदुताई टॉवेल-टोपी घेऊन पुढं आल्या. भगवानरावांनी कान पकडला तो सोडेचनात.

"मले टॉवेल-टोपी नाही पाह्यजे, विहीणबाई. या तलवारीची मूठ उघडू द्या."

"आता हे काहून?"

"उघडू दे वो आई, कान तुटून राह्यला!" अंकुर कळवळला.

मुठीत बांबूची एकच खुंटी होती. भगवानरावांनी ती चमच्याच्या दांड्यानं ठोकून काढली. आतलं लोखंड काळपट गंजलेलं, आणि त्या गंजात छिन्नीनं कोरलेली जपानी अक्षरं. भगवानरावांचे डोळे भरून आले.

"असली हाय!"

"आजेसासऱ्यायनं बर्माच्या लढाईतून आणली होती खरी, पण एवढा जंग, अन् असली?" इंदुताई म्हणाल्या. "द्या, चिंचेनं घासून देते."

"हात नका लावू! त्या जंगावरूनच तिचं वय समजते."

मग त्यांनी टोकाचं लिंबू काढलं आणि मटकन खालीच बसले. इंदुताईंच्या घरातल्या आजवरच्या सगळ्या लग्नांच्या लिंबांनी मिळून ते टोक खाऊन टाकलं होतं.

"आजपासून हिले लिंबू लावाचं नाही," ते कसंबसं म्हणाले.

"वा! अन् धाकट्याच्या लग्नात काय करू?" इंदुताई तडकल्या. मांडवात कुणीतरी फिसकन हसलं.

लीलाबाई पदर खोचून पुढं आल्या. "हसाचं काम नाही. माह्या माणसानं पारखून सांगतलं, तं लावाचं नाही म्हंजे नाही. लिंबासाठी आमच्या घरची जपानी घेऊन जा. माकडाईले मी काठी पाहीन."