उघडी वही

तिनं बाहीच्या मापापुढं चोवीसऐवजी बावीस लिहिलं, वही मुद्दाम टेबलावर उघडी टाकली आणि हात धुवायला मागे गेली.

तिचं आणि लांब्याचं लग्न ठरून चार महिने झाले होते आणि त्यातले तीन भांडण्यात गेले होते. कारण एकच. शिंपीकामाच्या त्या दुकानातले मास्तर आता थकले होते आणि त्यांचं बेतायचं टेबल दोघांपैकी एकालाच मिळणार होतं. परीक्षा म्हणून दोघांनी एकाच वकिलाचा कोट बेतायचा. मापं आपापली, वही आपापली. दुसऱ्याच्या वहीला हात लावणारा बाद, असं मास्तरांनी बजावलं होतं.

आता लांब्या म्हणजे मापं घेता घेता गिऱ्हाइकाशी गप्पा छाटणारा. असल्या माणसाचे कोट अंगावर बसतात कसे? हा मेला आपल्या वहीत डोकावून मापं उतरवतो, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. सकाळीच तिनं त्याला हटकलं होतं.

"माझ्या टेबलाभोवती काय घुटमळतोयस?"

"खडू शोधतोय."

"खिशात आहे तुझ्या."

"माझ्या खिशांवरही नजर का?"

"ठेवावी लागते."

हात पुसत ती परत आली, तेव्हा लांब्या मान खाली घालून टाके घालत होता, नको तितका शहाण्यासारखा. तिनं झडप घालून वही पाहिली. बावीसवर काट मारलेली होती. शेजारी त्याच्या तिरक्या हातानं लिहिलेलं चोवीस.

त्याला द्यायच्या म्हणून तयार ठेवलेल्या शिव्या आता कुणाला द्याव्यात, तिला कळेना. लाज वाटली, चांगलीच वाटली.

तेवढ्यात मास्तर चष्मा सावरत आले. वहीवर बोट ठेवून म्हणाले,

"ही खाडाखोड कुणाची?"

लांब्यानं तोंड उघडलं.

"माझीच," ती म्हणाली. "माप चुकलं होतं."

"दोन इंचांनी? मग पुढचं बघायलाच नको."

मास्तरांनी आपली मोठी कातर उचलली, लांब्यापुढं ठेवली आणि ते आत निघून गेले.

लांब्या कातर तशीच सोडून उठला. मग तिच्या जवळ सरकला.

"खरं सांग, यात तुझा काय डाव आहे?"

"होता," ती म्हणाली. "फसला."

लांब्यानं तिच्यावरची नजर न काढता आपली वही हळूच ओढून कोपराखाली घेतली.